गणपतीखालची फळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे हेही मला धड कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा समोरच्या इमारतीवर हिरवी जाळी चढली म्हणून — बांबू आले, मिस्त्री आले, आणि इतकी वर्षं अर्धवट पडलेला तो सांगाडा आता पुरा होणार म्हणतात. तेव्हापासून माझं घरात लक्ष नाही. सारखी बाल्कनीत जाते, जाळीकडे बघते, आत येते, पुन्हा जाते. नवरा म्हणतो, तुला काय तिथे फ्लॅट घ्यायचाय का?

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. मी कोलकात्यातच जन्मले. वडील इथे शाळेत शिकवायचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बंगाली, असं माझं बालपण. नवरा पुण्याचा, बँकेतला, बदलीवर इथे आला आणि माझ्याशी लग्न करून बसला. माझे सासरे, अण्णा, यांनी लग्नाच्या पंगतीतच मला ‘अर्धी बंगालीण’ हे नाव बहाल केलं होतं. प्रेमाने हो, अगदी हसत. पण वरणात मी गूळ जरा जास्त घातला की ते हसून नवऱ्याकडे बघायचे, आणि ते बघणं मला रात्रभर पुरायचं. दुसरं म्हणजे मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. बंद दार दिसलं की मला ते ढकलून बघावंसं वाटतं. हे सगळं सबब म्हणून सांगत नाही — म्हणजे, सांगत नसावी अशी आशा आहे.

तर ती इमारत. कोलकात्याच्या बेहाला भागातल्या आमच्या गल्लीत, आमच्या घरासमोरच. जमिनीचे मालक आणि बिल्डर कोर्टात गेले आणि काम जिथल्या तिथे थांबलं. भिंती नाहीत, कठडे नाहीत, जिन्याला कडेला काही नाही. खांबांतून वर आलेल्या सळया गंजून लाल झालेल्या. कोपऱ्याकोपऱ्यात पिंपळ उगवलेले. दाराशी बिल्डरची पाटी तेवढी उभी होती. तिच्यावर एक गोरं कुटुंब बाल्कनीत उभं राहून कारंज्याकडे बघून हसत होतं. ऊन-पावसाने त्यांचे चेहरे पुसले गेले, हसू मात्र राहिलं होतं.

मी तिथे पहिल्यांदा शिरले ती मिठूबरोबर. मिठू आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहायची — अजूनही राहते. माझ्याच वयाची, माझ्याहून धीट, आणि माझ्यासारखीच घरात न टिकणारी. दुपारी नवरे ऑफिसात गेले की आम्ही दोघी चोरासारख्या गेटच्या फटीतून आत. काय शोधत होतो? काहीच नाही. खांबांवर लाल रंगात फ्लॅटचे नंबर लिहिलेले होते, ते वाचत आम्ही खोल्यांमधून फिरायचो. खोल्या कसल्या, नुसत्या चौकटी. मिठूने तिसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्याचा फ्लॅट स्वतःचा ठरवला होता. इथे माझा पलंग, इथे आरसा, इथून मला मेट्रोचे खांब दिसणार आणि तुला नाही. मी तिच्या शेजारचा घेतला. मधल्या भिंतीत खिडकी ठेवायची असंही ठरलं होतं. चाळिशीला आलेल्या दोन बायका भातुकली खेळत होत्या, दुसरं काय. तेव्हा मी जितकी हसले तितकी नंतर हसलेली नाही.

सगळ्यात वरचा स्लॅब उघडा होता. तिथे छान ऊन यायचं. हिवाळ्यात मिठू तिथे तिच्या डाळीच्या बोड्या, म्हणजे आपले सांडगे, वाळवायची, उन्हाळ्यात मी माझ्या कुरडया. त्या स्लॅबमध्ये पाइपांसाठी सोडलेलं एक चौकोनी भोक होतं. माणूस जाईल एवढं. त्यावर सेंटरिंगची एक रुंद, जाड फळी टाकलेली असायची. आम्ही तिच्यावरून बिनधास्त ये-जा करायचो.

आणि तळमजल्यावर मालतीमाशी राहायची. माशी म्हणजे बंगालीत मावशी. बिल्डरच्या पहारेकऱ्याची विधवा. नवरा गेला, बिल्डर गेला, ती राहिली. दोन खांबांमध्ये पत्रे लावून तिने घर केलं होतं. रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस, विटांची चूल, आणि आजूबाजूला मांजरं. इमारतीतली मोडकी लाकडं, बांबूचे तुकडे ती चुलीत घालायची, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. आम्ही वर जाताना तिला हाक मारायचो. उतरताना कधी कुरडई, कधी बोड्या तिच्या हातावर ठेवायचो. ती आम्हाला ‘पागली दीदी’ म्हणायची, दोघींना मिळून एकच नाव.

बघा, मी अजून मुद्द्याला आलेले नाही. इमारत दाखवते आहे, माणसं दाखवते आहे. येते.

त्या वर्षी अण्णा पहिल्यांदाच गणपतीला आमच्याकडे आले. माझी नुसती धांदल. कोलकात्यात गणपती आणणं म्हणजे आधीच एक प्रकरण — मूर्तिकार बिचारे दुर्गा घडवण्यात बुडालेले, त्यातून मी मागे लागून एक लहान मूर्ती करून घेतली. अण्णांनी ती पाहिली आणि म्हणाले, डोळे बंगाली आहेत हो याचे, मोदक खाईल की संदेश मागेल? सगळे हसले. मीही हसले. आणि मनात ठरवलं, डोळे बंगाली असू देत, मखर असं करीन की पुण्यात लोकांनी बोटं तोंडात घालावीत.

आदल्या दिवशी माळ्यावरून चौरंग काढला, तर वाळवीने पाय पोखरलेले. इथल्या ओलीत लाकूड टिकत नाही. अण्णा दिवाणखान्यात पेपर वाचत बसलेले. त्यांच्यासमोर स्टुलावर गणपती बसवायचा? बाजारात जाऊन आणता आला असता. पण पाऊस कोसळत होता, आणि मला ती फळी आठवली. रुंद, जाड, सरळ. दोन बाजूंना विटा, वर फळी, फळीवर आईचा लाल शालू — काय उठून दिसेल!

मी गेले आणि भोकावरची फळी काढली.

इमारतीत दुसऱ्या फळ्या नव्हत्या का? होत्या. वाकड्या होत्या, सिमेंट चिकटलेल्या होत्या. मला स्वच्छ हवी होती. दीड दिवसांचा तर गणपती, विसर्जन झालं की जागच्या जागी ठेवू, पावसात वर कोण मरायला जातंय, असा सगळा विचार केला मी. विचार केला होता, हे लक्षात ठेवा. उघडं भोक मात्र मला बघवेना. म्हणून तिथे पडलेलं सिमेंटचं रिकामं पोतं मी त्याच्यावर पसरलं आणि चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या. छान ताणून, चादर अंथरावी तसं. खूण म्हणून ठेवते आहे, असं मी स्वतःला सांगितलं. भोक उघडं ठेवलं असतं तर निदान दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती बसले. अण्णांनी मखराकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, वा, सूनबाई. बस, एवढंच. पण लग्नानंतर त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला तसं म्हटलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि पदराने डोळे पुसले. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला होता.

आणि मग ऊन पडलं. चार दिवस झाकोळलेलं आभाळ एकदम मोकळं झालं. भाद्रपदातलं हे कडक ऊन बंगाली बायका वाया जाऊ देत नाहीत. दुर्गापूजेच्या आधी कपाटातल्या रेशमी साड्या, लोकरीचे कपडे, सगळं या महिन्यात उन्हाला दाखवायचं, ही त्यांची रीत. आम्ही दोघी दरवर्षी ते काम मिळूनच करायचो. मी मोदकाला कळ्या पाडत होते तेवढ्यात दारावर थाप आली आणि बाहेरून मिठूची आरोळी — “रोद उठेछे, चलो!”

ऊन पडलंय, चल. मी आतूनच ओरडले, तू हो पुढे, मी नैवेद्य दाखवून येते.

तेव्हा मला भोक आठवलं नव्हतं. खरंच नव्हतं. पण ती जिना उतरून गेली, तिच्या चपलांचा आवाज थांबला — आणि आठवलं. हातात मोदक होता. बाहेर अण्णा आरतीचं तबक लावत होते, कापूर कुठे आहे म्हणून विचारत होते. मी काय करायला हवं होतं? खिडकीशी जाऊन एक हाक मारायची. खिडकी माझ्यापासून हातभर लांब होती. मी म्हटलं, पोतं दिसेल तिला. विटा दिसतील. ती जागा तिला पाठ आहे. आणि मी मोदकाचं टोक नीट वळवलं आणि अण्णांना कापूर दिला.

तिला पोतं दिसलं नाही. हातांवर साड्यांचा ढीग होता, हनुवटीपर्यंत. तिच्या आईच्या रेशमी साड्या. पाय कुठे पडतो आहे ते दिसत नव्हतं, आणि पाहायची तिला गरजही वाटली नसेल. तिथे फळी असते, हे तिला माहीतच होतं.

ती एक मजला खाली पडली. तिची किंकाळी मी ऐकली नाही, आमच्याकडे झांजा वाजत होत्या. ती ऐकली मालतीमाशीने. ती वर धावली, मिठूचं डोकं मांडीवर घेतलं, मग खाली येऊन रस्त्यावर ओरडत सुटली. गल्लीतल्या क्लबातली मुलं आली, मिठूला चादरीत घालून उतरवलं, टॅक्सीत घातलं. मी पोचले तेव्हा टॅक्सी वळणावर होती. माझ्या हातांना तांदळाची उकड लागलेली होती, ती वाळून कडक झाली होती.

गेटपाशी अर्धी गल्ली जमली होती. कुणीतरी वर जाऊन बघून आलं होतं. भोकावर फळी नव्हती. फळी कुठे गेली? आणि मग कुणीतरी चुलीकडे बघितलं. एकाने बघितलं की सगळेच बघतात. मालतीमाशीच्या चुलीत त्या वेळीही लाकूड जळत होतं, वर भात होता. लोकांना आणखी काय हवं? एका गृहस्थांनी आवाज चढवला, दुसऱ्याने पत्र्यावर लाथ मारली. ती सारखी मान हलवत होती — “आमि निइनि, आमि निइनि.” मी नाही नेली. कुणी ऐकेना. तेव्हा तिने गर्दीत मला पाहिलं. आणि तिचा चेहरा — कसं सांगू — तिचा चेहरा एकदम निवळला. सुटले, असं वाटल्यासारखा. ती म्हणाली, “दीदी जाने.”

दीदीला माहीत आहे.

सगळे माझ्याकडे वळले. मी नवी साडी नेसले होते, केसांत गजरा होता, वर बाल्कनीत अण्णा उभे राहून काय चाललंय ते बघत होते.

मी म्हटलं, “आमि जानि ना.”

मला नाही माहीत. इतकंच. कुणावर बोट दाखवलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की मी तिच्याविरुद्ध काहीच बोलले नाही. पण त्या शब्दांनी काय झालं ते मला तिथेच दिसलं. ती ओरडायची थांबली. पुन्हा एकदाही म्हणाली नाही की मी नेली नाही. मी फळी नेताना तिने मला पाहिलं होतं आणि तिला ते सगळ्यांसमोर सांगता आलं असतं — मग का नाही सांगितलं? माझ्या शब्दापुढे तिचा शब्द कोण धरणार, हे तिला माझ्याआधी कळलं असेल. की मी अजूनही बोलेन म्हणून वाट बघत होती? हा प्रश्न मला झोपू देत नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मी तीच राहते.

संध्याकाळच्या आत तिला काढलं. चूल पायाने मोडली. तिने एक ट्रंक घेतली, काखेत तुळशीचा डबा घेतला. मांजरं कोपऱ्यापर्यंत तिच्यामागे गेली आणि परत आली. मी हे बाल्कनीतून पाहिलं. अण्णा म्हणाले, बरं झालं, असली माणसं धोकादायक. मी त्यांना चहा विचारला.

दिवेलागणीला मिठूचा नवरा, दीपंकरदा, हॉस्पिटलातून आला तो थेट आमच्याकडे. ऑपरेशन होणार होतं, कमरेचं हाड आणि टाच. हा माणूस कधी देवाचं नाव घेणारा नव्हे, पण तो गणपतीसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने डोकं टेकलं. शालू जरा सरकला होता, फळीची कड उघडी पडली होती. त्या कडेवर त्याचं कपाळ होतं. खूप वेळ होतं. मी मागे निरांजन धरून उभी होते. तेव्हा तरी बोलायचं की नाही? तोंड उघडलंही मी. पण अण्णांनी आरती सुरू केली, आणि मी टाळ्या वाजवायला लागले.

पुढे काय? मिठू वाचली. काठीने चालते. आमच्या घराला लिफ्ट नाही, त्यामुळे ती फारशी उतरत नाही. जी दुपारी घरात सापडायची नाही, ती आता खिडकीशी बसलेली असते. मी रोज तिच्याकडे जाते. भाजी आणून देते, केस विंचरून देते, फिजिओथेरपीला नेते. तिचे नातेवाईक म्हणतात, सख्खी बहीण करणार नाही इतकं ही मराठी बाई करते. मी ऐकून घेते. दुखणं वाढलं की मिठू मालतीमाशीला शिव्या घालते — दोन काटक्यांसाठी माझा पाय खाल्ला त्या बाईने. त्यावर मी काय करते माहीत आहे? मी मान हलवते.

मालतीमाशीला शोधलं का? गेले होते एकदा. तिची बहीण बराकपूरला राहते असं कुणीतरी म्हणालं होतं. सियालदाहून गाडी पकडली. सगळा रस्ता मी काय बोलायचं ते घोकत होते, बंगालीत, वाक्य चुकू नये म्हणून. बराकपूरला उतरले. स्टेशनबाहेर आले. एका चहावाल्याला विचारलं, तो नाही म्हणाला. मग त्याच्याकडेच चहा घेतला आणि परतीच्या गाडीत बसले. याला शोधणं म्हणत असतील तर मी तिला शोधलं. गाडी सुटली तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हेही लिहूनच टाकते.

फळी अजून घरात आहे. विसर्जनानंतर ती परत ठेवता येईना, टाकून देता येईना. धुऊन माळ्यावर ठेवली. दुसऱ्या वर्षी गणपतीला नवऱ्याने, मी बाजारातून आणलेली समजून, स्वतःच ती खाली काढली, म्हणाला, काय दणकट लाकूड आहे, असलं आता मिळत नाही. तेव्हापासून दरवर्षी आमचा गणपती तिच्यावरच बसतो. अण्णा आता नाहीत. शेवटच्या आजारपणात ते सगळ्यांना सांगायचे, मखर बघावं तर माझ्या सुनेचं.

यंदाही मिठू दर्शनाला आली, काठी टेकत. तिला खाली वाकता येत नाही. तोल सांभाळायला तिने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा फळीवर. तशीच डोळे मिटून उभी राहिली. मग म्हणाली, समोरची इमारत होते आहे, तिथे लिफ्ट असणार, आपण दोघींनी तिथेच जाऊ या, मधल्या भिंतीत खिडकी ठेवू. मी म्हटलं, हो, ठेवू या.

एक गोष्ट अजून मागे ठेवली आहे मी. ठेवूनच द्यावी असं आताही वाटतं आहे.

मालतीमाशीने मला फळी नेताना पाहिलं, असं मी वर लिहिलं. पाहिलं एवढंच नाही. फळी जड होती, जिना ओला होता, मला एकटीला ती उतरवेना. मी वरून हाक मारली आणि ती चुलीवरून उठून आली. ठाकुरासाठी, म्हणजे देवासाठी आहे म्हटल्यावर तिने आधी हात धुतले. मग एक टोक तिने धरलं, एक मी. आमच्या दारापर्यंत तिने ती आणून दिली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आणि जाताना मला विचारलं — “आर गर्तोटा, दीदी?” आणि त्या भोकाचं काय, असं विचारत होती ती.

मी म्हटलं, ते मी झाकलंय, तू कुणाला काही बोलू नकोस.

ती बोलली नाही.